पहिला नंबर आला, पुढे काय?

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अमुक मुलगा पहिला आला, अमुक मुलीला ट्रॉफी मिळाली, एवढे आपल्याला कळते. चकमकीत कागद उडतात, आईच्या डोळ्यांत पाणी येते, सूत्रसंचालक ओरडतो आणि कार्यक्रम संपतो. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला दुसरेच काही लागते. त्या मुलाचे, त्या मुलीचे पुढे काय झाले, हे कोण सांगणार? आमच्या घरात गेले वर्षभर हाच विषय चालला आहे, कारण आमची धाकटी गाते.

आम्ही नवराबायको डहाणूजवळ मसोलीत राहतो. एकजण फुग्यांच्या कारखान्यात, दुसरी हंगामात चिकू निवडायला वाडीत जाते. धाकटी बारा वर्षांची असल्यापासून वस्तीतल्या गायन पार्टीत आहे. आधी कोरसमध्ये होती, आता पुढे उभी राहते. एप्रिल महिन्यात तिला घर दिसत नाही. डहाणू, तलासरी, बोईसर, कधी हद्द ओलांडून उंबरगावपर्यंत सुपारी असते. बारावी झाली, नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती म्हणाली, "पप्पा, मला एकच वर्ष द्या. मी ऑडिशन देते. वैशालीताईंचे झाले की नाही?"

वैशाली माडे हे नाव आपल्या घरांत नव्याने सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची ही मुलगी, माहेरची भैसने. मुंबईत ना कोणी ओळखीचे, ना घराणे. 2008 साली तिने झी मराठीची सारेगमप स्पर्धा जिंकली आणि 2009 मध्ये हिंदी सारेगमपही जिंकली. तेव्हा ती वैशाली भैसने-माडे असे दोन्ही आडनावांनी ओळखली जाई. लग्न झालेली बाई सासर-माहेर दोन्ही नावे घेऊन देशापुढे उभी राहते, याचेच आमच्या आळीतल्या बायांना मोठे कौतुक. त्या वेळी आळीत मोबाईल मोजकेच होते आणि मतांच्या मेसेजला नेहमीपेक्षा जादा पैसे कापले जात. तरी ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांच्या दारात रात्री रांग लागे. रोजंदारीवरच्या बाया पदराच्या गाठीतले पैसे काढून म्हणत, "माझे एक मत टाक रे बाबा." ती जिंकली त्या रात्री पोरांनी फटाके वाजवले. वैशालीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे. धाकटीच्या डोळ्यांपुढे आहे 'पिंगा'. संजय लीला भन्साळी यांच्या 'बाजीराव मस्तानी'तले ते गाणे वैशालीने श्रेया घोषालसोबत गायले. तो चित्रपट आला डिसेंबर 2015 मध्ये. आम्ही तिला बोटांवर मोजून दाखवले. 2009 ते 2015. देशात पहिली आलेल्या गायिकेला देशभर वाजेल असे गाणे मिळायला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत ती घरी बसून नव्हती. मराठी चित्रपट, मालिकांची शीर्षकगीते, गावोगावचे रंगमंच, सगळे चालू होते. पण ट्रॉफी हातात आली म्हणजे दुसऱ्या दिवशी दाराशी निर्मात्यांच्या गाड्या लागतात, असे जे पोरांना वाटते, तसे काही होत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. श्रेया घोषालही लहानपणी सारेगम याच कार्यक्रमातून पुढे आली. भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर ऐकले, मुलाला बोलावून ऐकवले, आणि 2002 च्या 'देवदास'मध्ये ती थेट ऐश्वर्या रायसाठी गायली. म्हणजे एकाच गाण्यातल्या दोघीही टीव्हीच्या स्पर्धेतून आलेल्या. फरक कुठे पडला? आमच्या मते, गळ्यात कमी आणि तो टीव्ही त्या रात्री कोणाच्या घरात चालू होता त्यात जास्त. खारतळेगावात आणि मसोलीत टीव्ही चालू असून चित्रपटात गाणे मिळत नाही.

पुढे 2019 मध्ये 'कलंक'मधले 'घर मोरे परदेसिया' आले, पुन्हा श्रेयाबरोबर. त्याच वर्षी वैशाली बिग बॉस मराठीच्या घरातही गेली. गाणाऱ्या बाईने भांडी कोणी घासायची यावरून चाललेल्या भांडणात का बसावे, असे आमच्या आजीला वाटले. आम्हालाही ते रुचले नाही, पण रोज पाहिले मात्र. नंतर 2021 मध्ये तिने राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. गाण्यावरच आयुष्यभर निभावते असे असते तर गायकांनी एवढी दारे ठोठावली असती का?

अभिजीत सावंतचे पाहा. 5 मार्च 2005 रोजी तो पहिला इंडियन आयडॉल झाला. मुंबईचा मराठी मुलगा देशात पहिला आला म्हणून केवढा जल्लोष! त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' हा अल्बम आला, त्यातले 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षारिक्षात वाजत होते. 2007 मध्ये दुसरा अल्बम. पण तोपर्यंत त्या स्पर्धेचे आणखी दोन विजेते झाले होते, 2006 मध्ये बिकानेरचा संदीप आचार्य आणि 2007 मध्ये कोलकाता पोलिसातला शिपाई प्रशांत तामांग. दर वर्षी नवा राजा, मग जुन्याला कोण विचारतो? अभिजीतने सिनेमात काम करून पाहिले, नाचाच्या स्पर्धेत बायकोबरोबर नाचून पाहिले. 2013 मध्ये 'मंगलाष्टक वन्स मोअर'मधले 'सर सुखाची श्रावणी' त्याने बेला शेंडेबरोबर गायले. ते आजही लग्नांत वाजते, पण गाणारा कोण हे वाजवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. 2024 मध्ये तो बिग बॉस मराठीत दुसरा आला आणि नव्या पोरांना त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागली. पहिल्या ट्रॉफीनंतर एकोणीस वर्षांनी!

आणि पैसा? धाकटीला वाटते एक गाणे गाजले की जन्माचे कल्याण. आमच्या गायन पार्टीचे जुने पेटीवाले तिला हसून सांगतात की गाण्याचे पैसे बहुधा एकदाच मिळतात, मग ते हजार वेळा वाजो की लाख वेळा. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, गायकांची संघटनाही उभी राहिली. तरी पोट चालते ते मंचावरच्या कार्यक्रमांवर. म्हणजे मोठ्या गायकाचे आणि आमच्या पार्टीचे गणित एकच, आकडे तेवढे वेगळे. ट्रॉफीचा उपयोग असा की बॅनरवर नावापुढे एक ओळ वाढते आणि बिदागी वाढवून मागता येते. ती ओळ किती वर्षे चालते, हे ज्याचे त्याला कळते.

एवढे सांगूनही तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा आम्ही म्हटले, चल, जाऊन तर येऊ. डहाणूपर्यंत लोकल आली 2013 मध्ये, तेव्हापासून मुंबई जवळ झाल्यासारखी वाटते. आदल्या रात्री नालासोपाऱ्याला मावशीकडे मुक्काम केला, पहाटे साडेपाचला मैदानावर पोचलो. आमच्या आधीच शेकडो मुले रांगेत. कोणाच्या खांद्यावर गिटार, कोणाच्या कडेवर मूल. दुपारी दोनला तिचा नंबर आला. आत जायच्या आधी फॉर्म घेऊन एक मुलगा आला. त्याने गाण्याचे काहीच विचारले नाही. वडील काय करतात? घर कच्चे की पक्के? घरात कोणी आजारी? तुमची स्टोरी काय? धाकटी म्हणाली, "पप्पा फुग्यांच्या कारखान्यात आहेत. पण मी गाणे म्हणायला आले आहे." त्याने काहीतरी लिहून घेतले. आत तिने अर्धा मिनिट गायले असेल. पेटी नाही, ढोलकी नाही. "थँक यू" म्हटले, झाले.

परतीच्या गाडीत ती बोलली नाही. पालघर गेल्यावर म्हणाली, "आई, त्याला माझे रडणे पाहिजे होते." तिच्या आईने डबा उघडला, भाकरी दिली. आम्ही दोघांनी काही समजावले नाही.

नर्सिंगची फी दोन हप्त्यांत भरली. आता ती हॉस्टेलवर असते, शनिवारी घरी येते आणि रविवारी सकाळी पेटीवाल्या काकांकडे बसते. पुढच्या वर्षी पुन्हा ऑडिशन देणार आहे, हे तिने आजीला सांगितले आहे, आम्हाला नाही. आम्ही आजीकडून ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले. जुनी पेटी तीन हजारांना मिळत होती, तिचा भाता ठीक करून घेतला आहे.

यंदाच्या एप्रिलच्या सुपाऱ्या मात्र तिने स्वतः ठरवल्या. पूर्वी कार्यक्रम उरकल्यावर मध्यरात्री जे पाकीट मिळे ते पार्टीप्रमुख गुपचूप खिशात घालत. यंदा तिने मंडळवाल्यांना फोनवरच सांगितले, निम्मे पैसे आगाऊ, ढोलकीवाल्याचे वेगळे, आणि बॅनरवर कोरसच्या मुलींचीही नावे हवीत. तलासरीकडचे एक मंडळ नाही म्हणाले. बाकीच्या चारांनी मान्य केले.