दोन तारांचा दुभाषी

"तुम्ही नक्की करता काय हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या जिलबीनंतर हमखास विचारतात. डॉक्टरला असलं कोणी विचारत नाही. त्याला थेट गुडघाच दाखवतात. "कारखान्यातल्या मोटरींशी बोलायची सोय करतो," असं मी सांगितलं की विचारणारा मठ्ठ्याच्या वाटीत पाहू लागतो.

पण खरोखर तेच करतो! मोटर स्वतः मुकी. तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह नावाचा डबा बोलतो, तोही बहुतेक वेळा मॉडबस भाषेत. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ साली काढली. कारखान्याचा कारभार पाहणाऱ्या पीएलसीची भाषा पुष्कळदा निराळी. मग दोघांच्या मध्ये गेटवे नावाचा दुभाषी बसवतात.

दुभाषी म्हटला की चतुर असणार, असं आपल्याला वाटतं. हा नाही. सांगाल तेवढंच करतो, आणि काय सांगायचं त्याची यादी मी लिहितो. कोणाला विचारायचं, कुठून सुरू करून किती आकडे आणायचे, किती वेळाने पुन्हा विचारायचं, उत्तराची वाट किती बघायची. वाचायचं असेल तर ३, एक आकडा लिहायचा असेल तर ६. 'कृपया'ला रकाना नाही.

ड्राइव्ह जुन्या वळणाचा. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. विचारणाऱ्याला मास्टर आणि सांगणाऱ्याला स्लेव्ह म्हणत. २०२० साली मॉडबस संघटनेने ही नावं बदलून क्लायंट आणि सर्व्हर केली. स्वभाव तोच राहिला. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं, ही शिस्त आमच्या घरात आणायचा विचार मी केव्हाच सोडला आहे.

प्रत्येक ड्राइव्हला १ ते २४७ मधला एक घरनंबर. ० हा पत्ता सर्वांसाठी, आणि त्यावर आलेल्या निरोपाला कोणीही उत्तर द्यायचं नसतं. हा नियम करणारा नक्की एखाद्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी असणार!

घरात शिरलं की रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे खण. पुस्तकात ४०००१ लिहिलेला खण तारेवर ० असतो. तळमजल्याला पहिला मजला म्हणायचं की नाही, तोच आपला वाद. एका खणाने चुकलात की वेगाऐवजी करंट हाती येतो. त्यात पुष्कळ ड्राइव्हना ५० हर्ट्झ हे ५००० असं सांगावं लागतं, रुपये पैशांत मोजावेत तसं. नुसतं ५० म्हटलं तर मोटर जेमतेम कुरकुरते, आणि शिव्या बिचाऱ्या मोटरला बसतात.

नसलेला खण मागितला तर ड्राइव्ह निदान कळवतो. प्रश्नाच्या क्रमांकात १२८ मिळवतो, ३ चे १३१ करतो, आणि सोबत २ धाडतो. म्हणजे 'असा पत्ता इथे नाही'. अशा रोखठोक नकाराची मला भीती नाही. भीती आहे ती गप्प बसण्याची.

तार सुटली की ड्राइव्ह गप्प. पुष्कळ गेटवे मग, वेगळं बजावलेलं नसेल तर, शेवटचा ऐकलेला आकडाच पीएलसीला देत राहतात. पडद्यावर १४४० फेरे, खाली मोटर थंडगार. याच्या उलट झालं तर हसण्यावारी नेता येत नाही. वर 'थांब' म्हटलंय, निरोप पोचलेला नाही, आणि कन्व्हेयर चालूच! कन्व्हेयरपाशी माणूस उभा असतो. म्हणून गेटवेला बजावायचं, 'उत्तर आलं नाही तर तसं सांग, शिळं वाढू नकोस.' ड्राइव्हला बजावायचं, 'दोन सेकंद कोणी बोललं नाही तर आपला आपण थांब.' आणि धोक्याचं लाल बटण या दुभाष्याच्या हाती द्यायचंच नाही. त्याची तार वेगळी.

आमच्याकडच्या जुन्या फिटरला माझ्या यादीशी कर्तव्य नाही. "साहेब, झालं ना तुमचं? मग आता वायर काढतो," एवढंच म्हणतो. निरोपाची तार काढतो आणि बोटं मोजू लागतो. तिसरं बोट उघडायच्या आत मोटर उतरू लागली तर चहा सांगतो. नाहीतर नाही.