एकटीच मनसरला

"सोबत कोण?" घरच्यांचा एवढाच प्रश्न. कोणी नाही म्हटलं आणि स्कूटर काढली. कामठी, कन्हान मागे टाकत जबलपूर रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या आत मनसर. मँगनीजच्या खाणीचं गाव. इथल्या हिडिंबा टेकडीवर १९९०च्या दशकात खोदकाम झालं, विटांचं भलंमोठं बांधकाम निघालं. कोणी म्हणतात, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरपूर ते हेच. आपली माणसं नागार्जुनाचं नाव घेतात. विद्वानांचा वाद चालू राहो. मी विटाच पाहत राहिले. माझी माय वीटभट्टीवर राबली. एवढ्या विटा कोणी थापल्या, कोणाच्या डोक्यावरून वर चढल्या, हे कुठे लिहिलेलं दिसलं नाही. मग पायवाटेने माथ्यावर गेले. खाली तलाव, पलीकडे रामटेकचा डोंगर. पुढच्या सुट्टीत देवलापार.