बेटावर किती दिवस राहावे?



सहा वर्षे पतपेढीत दरमहा पैसे भरून आम्ही घरच्या चौघांसाठी एक रक्कम उभी केली होती. विसाव्या हिश्श्याला हात न लावता केलेली ही बचत, म्हणून मनाला टोचणी नव्हती. तरी विहारातले एक जुने सहकारी बोललेच, “काय हो, कार्यकर्त्याला परदेशवारी परवडते?” त्यांना काय उत्तर द्यावे ते सुचेना. आम्ही हसून वेळ मारून नेली.

जायचे ठरले ते इंडोनेशियातील जावा बेटावर, बोरोबुदूरचा महास्तूप पाहायला. पण किती दिवसांसाठी, यावर घरात महिनाभर खल झाला. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि तो 30 दिवसांचा असतो. म्हणजे सरकारची आडकाठी नाही, आडकाठी आपल्या रजेची आणि खिशाची. प्रवासी कंपनीच्या माणसाने छापील कागद पुढे केला, त्यात बाली बेटावर पाच रात्री आणि बोरोबुदूरसाठी एक रात्र होती. “साहेब, देऊळ बघायला अडीच तास पुष्कळ झाले,” असे त्याचे म्हणणे. मुलीला समुद्र हवा होता, तिला तो कागद पसंत पडला. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “आरं बाळा, एवढ्या लांब जायाचं, तर बुद्धापाशी घटकाभर बसू तरी दे.”

मग आम्ही हिशेबाला बसलो. कारकुनाला दुसरे येते काय? बोरोबुदूरच्या पहिल्या सज्जाच्या भिंतीवर वरच्या ओळीत भगवान बुद्धांचे चरित्र 120 शिल्पपटांत कोरले आहे. तुषित स्वर्गापासून सुरुवात होते आणि सारनाथच्या पहिल्या धम्मप्रवचनापाशी ते थांबते. स्तूपावर चढण्यासाठी आता वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते, सोबत वाटाड्या असतो आणि वरती साधारण तासभर मिळतो. म्हणजे एका पटाला अर्धा मिनिट. त्यातून वरचे तीन सज्जे, 72 जाळीदार स्तूप आणि चढायला लागणारा वेळ वजा करायचा. शिल्पपट एकूण 2672, बुद्धमूर्ती 504. आणि आईचे गुडघे! तेव्हा एका फेरीत हे व्हायचे नाही, दोन दिवस दोन तिकिटे काढायची आणि मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा, असे ठरले. परदेशीयांना तिकीट स्थानिकांपेक्षा बरेच महाग पडते, त्यामुळे दुसऱ्या तिकिटाचा आकडा वहीत लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल करतो.

दुसरी बाब ज्वालामुखीची. ही बेटेच ज्वालामुखीची. बोरोबुदूरपासून सुमारे 30 किलोमीटरवर मेरापी आहे. 2010 साली तो फुटला तेव्हा साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली आणि स्तूप राखेने माखला. बालीचा आगुंग 2017 मध्ये उसळला आणि विमानतळ बंद पडला. नोव्हेंबर 2024 मध्ये तर दूर फ्लोरेस बेटावरच्या डोंगराच्या राखेने बालीची अनेक विमाने रद्द झाली. आमची परतीची वाट बालीवरूनच. रजा संपल्यावर “डोंगर फुटला म्हणून हजर होऊ शकलो नाही” असा अर्ज साहेबांपुढे कोण ठेवणार? म्हणून एक दिवस राखीव ठेवायचा, आणि तोही शेवटी, बालीत. अर्जित रजा आठ दिवसांची, दोन शनिवार-रविवार धरून 12 दिवस झाले. त्यातल्या पाच रात्री जावाच्या, तीन बालीच्या आणि एक राखीव. मुलीने तोंड फुगवले. मेरापीच्या पायथ्याशी जीपमधून नेण्याचे कबूल केले तेव्हा कुठे समेट झाला.

गावात उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मेंदुतला गेलो. लहानशा मंदिरात तथागतांची अंदाजे तीन मीटर उंचीची पाषाणमूर्ती आहे, आसनावर बसून पाय खाली सोडलेली, हात धम्मचक्र मुद्रेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यातले बुद्धही असेच बसले आहेत. आईने त्रिसरण-पंचशील घेतले आणि ती तिथेच बसून राहिली. आत गार होते. मध्ये काही पर्यटक आले, फोटो काढून गेले. तासाभराने आम्ही हाक मारली तर म्हणाली, “तुमाला जायाचं तर जावा.” कागदावरच्या त्या अडीच तासांत हे कुठे बसले असते?

पहिल्या चढाईच्या दिवशी पाऊस लागला. स्तूपावर चढताना केवड्याच्या जातीच्या पानांनी विणलेल्या चपला देतात, त्यांना तिथे ‘उपानत’ म्हणतात. आपली वहाण मूळची तीच! पायऱ्या उंच आणि ओल्या. आई पहिल्या सज्जापर्यंत आली आणि भिंतीला हात टेकून थांबली. “तुमी वर जावा,” म्हणाली. आम्ही वर गेलो खरे, पण घंटेच्या आकाराच्या त्या स्तूपांत चित्त लागेना. तिला एवढ्या लांब आणून आपण खालीच ठेवले, हे सारखे मनात येत होते.

मधल्या दिवशी आई आणि पत्नी खोलीवर राहिल्या. आम्ही मुलीला घेऊन मेरापीकडे गेलो. तिथे जळालेल्या एका घराचेच संग्रहालय केले आहे. भिंतीवर वितळलेले घड्याळ आहे, 5 नोव्हेंबर 2010 च्या मध्यरात्रीनंतर बंद पडलेले. जीपसाठी नाचणारी मुलगी त्या घड्याळापुढे गप्प उभी राहिली. परतताना तिला सांगितले की, आपली कार्ला, अजिंठ्याची लेणीही लाव्हाच्याच खडकात कोरलेली आहेत. फरक इतकाच की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला आणि इथला अजून धुमसतो आहे. बोरोबुदूरचा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो डोंगरात कोरलेला नाही. चिरे घडवून, चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत.

गुरुवारी ऊन होते. आई पुन्हा चढली. वर जायचे नाही, असे या वेळी आधीच ठरवले. पूर्वेकडून, स्तूप उजव्या हाताला ठेवून, पहिला सज्जा तेवढा फिरायचा. आईला लिहिता-वाचता येत नाही. पण महामायेचे स्वप्न तिने आमच्याआधी ओळखले. सिद्धार्थ तलवारीने केस कापतात तिथे ती थांबली, सुजातेपाशी थांबली. वाटाड्या घड्याळ बघत होता. गावातलाच मुसलमान तरुण. त्याला आम्ही खुणेने आई दाखवली, तेव्हा त्याने घड्याळ बाहीत सरकवले आणि बाजूला झाला. शेवटच्या पटापाशी, सारनाथला, आईने हात जोडले आणि मोठ्याने ‘साधु, साधु, साधु’ म्हटले. मागून येणारी माणसे थबकली.

बालीत डोंगर शांत राहिला, राखीव दिवस शिल्लक पडला. तो मुलीच्या नावे जमा केला. ती दिवसभर पाण्यात होती आणि आई काळ्या वाळूवर पदर पसरून झोपली होती.

आता विहारातली अकरा माणसे जायचे म्हणतात, त्यात ते जुने सहकारीही आहेत. परवा ते विचारत होते, दुसरे तिकीट खरेच काढावे लागते का. आम्ही त्यांना आमची वही दिली.