उंचीचा हिशेब

महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर मराठीच्या प्राध्यापकाची वर्णी लागते ती बहुधा कोणीतरी हवे म्हणून. गेल्या वर्षी ती माझी लागली आणि साताऱ्यातील आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीत मला मत द्यावे लागले. प्रश्न एका जागेचा होता: पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चढाईची मांडणी करणारी खेळाडू. दोघींपैकी एक उंच आणि बऱ्यापैकी खेळणारी. दुसरी चार फूट अकरा इंचांची, चेंडूवर विलक्षण हुकमत असलेली.

क्रीडा संचालकांनी धोका नेमका सांगितला. चढाईत बुटकी खेळाडू खपून जाते, कारण जमिनीलगतचा ड्रिबल हिसकावून घेणे अवघड. पण बचावात प्रतिस्पर्धी आपली उंच खेळाडू मुद्दाम तिच्यासमोर आणतात आणि ती उडी मारूनही चेंडूपर्यंत पोचत नाही. रिंग सर्वांना सारखीच, ३.०५ मीटरवर.

यावर मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यात तिच्यावाचून खेळाची बैठक सहसा संपत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा अंगाने किरकोळ. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी पाहून स्पर्धेत घ्यायचे नाकारले, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले, अशी आठवण सांगितली जाते. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. समिती विरघळली. मुलगी संघात आली.

उठता उठता संचालक एवढेच म्हणाले, "सर, खाशाबा वजनगटात लढले."

तेव्हा ते वाक्य मला रुक्ष वाटले. पण ते खरे होते. १९४८ साली लंडनला ते ५२ किलोंच्या गटात लढले, हेलसिंकीला ५७ किलोंच्या. समोरचा मल्ल त्यांच्याच गटातला होता. बास्केटबॉलमध्ये उंचीचे गट नसतात. वामनाची कथाही या बाबतीत उपयोगाची नाही: बटू जिंकतो खरा, पण जिंकताना तो बटू राहत नाही. 'मूर्ती लहान, कीर्ती महान' असे आपण सहज म्हणतो. त्या मूर्तीला लहान राहूनच खेळायचे असते, हे विसरतो. दाखला द्यायचाच होता तर मग्सी बोग्जचा द्यायला हवा होता. उंची १.६० मीटर, १९८७ च्या एनबीए निवडीत बारावा क्रमांक, पुढे १४ हंगाम. त्याच्या उंचीला सवलत कोणी दिली नाही. त्याचे पास मोजले गेले.

सांगलीतला सामना आम्ही चार गुणांनी हरलो. संचालकांनी सांगितले होते तसेच घडले; तिच्या डोक्यावरून बास्केट होत राहिले. मैदानाबाहेर एकच शब्द कानावर येत होता: उंची. परतीच्या गाडीत मी एका मुलीच्या मोबाइलवरचे चित्रीकरण पाहिले. आमच्या संघाने नऊ फ्री थ्रो दवडले होते. त्यांतले सात दोन उंच मुलींचे. फ्री थ्रोच्या वेळी आडवे कोणी येत नाही. तरी उंच मुली घेऊ नयेत, असे कोणी म्हटले नव्हते. उंच मुलीची चूक त्या दिवसापुरती असते. बुटक्या मुलीची चूक तिच्या उंचीच्या खाती जमा होते.

कऱ्हाड मागे पडल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. "सर, माझ्यामुळे आता पुढच्या वर्षी बुटक्या मुलीला कोणी घेणार नाही ना?"

आम्ही बैठकीत तोलला होता तो धोका एका सामन्याचा. हा दुसरा आमच्या हिशेबात नव्हताच, आणि तो ती एकटी वाहत होती. मला उत्तर सुचले नाही. तिला संघात आणताना तिच्या खेळाविषयी मी एक वाक्यही बोललो नव्हतो. सारे बोललो होतो ते खाशाबांविषयी.

यंदाच्या बैठकीत मी गोष्ट सांगितली नाही. तिच्या किती पासांवर बास्केट झाले, तिने किती चेंडू गमावले, तिच्यासमोर किती गुण गेले, हे एका कागदावर मांडून नेले. तिसरा आकडा तिच्या विरुद्ध जात होता. तोही लपवला नाही. संचालकांनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, "उंच मुलींचा असा कागद कुठे आहे?"

तो कोणीच केलेला नव्हता. निवड आठवडाभर पुढे गेली आहे आणि सध्या आम्ही दोघे मिळून तो कागद करतो आहोत.