गोळी झाडल्याबद्दल गुण वजा

‘स्वॉट ४’ या गेमबद्दल खेळणाऱ्यांची सगळ्यात जुनी तक्रार अशी की तो अन्याय करतो. तुम्ही पोलिसांच्या खास पथकाचे प्रमुख असता. दार उघडून आत शिरता. समोर हातात पिस्तूल घेतलेला माणूस उभा. तुम्ही गोळी घालता, तो पडतो, ओलीस सुटतात, तुमच्या पथकातल्या कोणाला खरचटतही नाही. मिशन संपल्यावर गुणपत्रिका येते आणि तीत गुण कापलेले असतात. कारण त्या माणसाच्या हातात पिस्तूल होतं खरं, पण त्यानं ते कोणावर रोखलं नव्हतं. ते खाली टाक असं तुम्ही त्याला सांगितलंही नव्हतं.

ही तक्रार मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकली आहे, की आता समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. “अहो, पण तो रोखेपर्यंत थांबायचं का?” या प्रश्नाला गेमनं दिलेलं उत्तर मला अजून जुनं झालेलं वाटत नाही. म्हणून हा लेख.

गेम आला २००५ साली. बनवणारी कंपनी इर्रॅशनल गेम्स. याच मंडळींनी दोन वर्षांनी ‘बायोशॉक’ काढला आणि जगभर नाव कमावलं. ‘स्वॉट ४’ त्या मानानं साधा. पथकात पाच जण: तुम्ही, आणि तुमच्या हाताखाली लाल आणि निळी अशा दोन जोड्या. दारापाशी उभं राहून हुकूम द्यायचे. दाराखालून छोटा कॅमेरा सरकवून आत कोण आहे ते बघा. पलीकडचं दार पाचर लावून बंद करा. डोळे दिपवणारा बॉम्ब टाका आणि शिरा. आत शिरलं की ओरडायचं. ओरडण्यासाठी वेगळं बटण आहे आणि नीट खेळणाऱ्याचं बोट बंदुकीच्या बटणापेक्षा जास्त वेळा त्याच्यावरच पडतं.

ओरडल्यावर समोरचा काय करेल ते ठरलेलं नसतं. कोणी लगेच हात वर करतो. कोणी थबकतो, इकडेतिकडे बघतो, विचार करतोय असं वाटतं. कोणी पळत सुटतो, कोणी थेट गोळी झाडतो. तेच मिशन पुन्हा खेळलात तर माणसं दुसऱ्याच खोल्यांत असतात, त्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. पायाला गोळी लागली तर लंगडत पुढे जायचं. शेवटी गुन्हेगार असो की ओलीस, जो जिवंत आहे त्याच्या हातांना प्लास्टिकची पट्टी बांधायची आणि वायरलेसवर कळवायचं. जो पडलाय त्याचंही कळवायचं. खाली पडलेली बंदूक उचलून ताब्यात घ्यायची. ‘एलिट’ या सगळ्यात अवघड पातळीवर १०० पैकी ९५ गुणांशिवाय पास करत नाहीत. म्हणजे एखादी गोळीसुद्धा महागात पडू शकते.

जुने खेळाडू भेटले की दुसऱ्या मिशनची गोष्ट निघतेच. एका साध्या उपनगरातलं फेअरफॅक्स नावाच्या माणसाचं घर. त्याच्यावर मुलींना पळवून मारल्याचा संशय आहे आणि एक मुलगी अजून जिवंत असावी असा अंदाज. घरात त्याची म्हातारी आई आहे. तिच्याकडे शस्त्र नाही, पण ती ऐकतही नाही. भांडते, हात वर करत नाही. तुम्ही तिला समजावून (म्हणजे ओरडून) बांधता आणि खाली तळघरात जाता. तिथे भिंतीवर प्लास्टरचे मुखवटे टांगलेले आहेत. ते कोणाच्या चेहऱ्यांचे आहेत हे कळायला वेळ लागत नाही.

ते मुखवटे बघितल्यावर बोट शिवशिवतं. असल्या माणसाला कसली आलीय संधी? पण नियम बदलत नाही. घरात कुठेतरी असलेल्या त्या माणसालाही आधी ओरडून सांगायचं आणि त्यानं शस्त्र टाकलं तर बांधून जिवंत बाहेर आणायचं. नाही केलंत, तर पेट्रोल पंपावरच्या दुकानात शिरलेल्या भुरट्या चोराला मारलं तर जेवढे गुण जातात, तेवढेच इथेही जातात. त्यानं काय केलं हे गेमच्या हिशेबात येतच नाही. तुमच्यासमोर तो त्या क्षणी काय करतोय एवढंच येतं.

२००७च्या सुमारास कोथरूडमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं हा गेम एकमेकांचे कॉम्प्युटर जोडून खेळायचो. चौघांची मतं चार. समीर ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये वाढलेला. त्याच्या मते हा कारकुनांचा गेम होता: आधी परवानगी, मग नोंद, मग पोचपावती. निखिलनं आठवड्याभरात पळवाट शोधली. गेममध्ये तिखटाच्या भुकटीच्या गोळ्या मारणारी एक बंदूक आहे. ती लागली की माणूस खोकत बसतो, मरत नाही, आणि गुणही जात नाहीत. निखिल प्रत्येक मिशनला तीच घेऊन जायचा आणि विचारायचा, “मग खऱ्या बंदुकीचं लोणचं घालायचं का?” हा वाद जुन्या खेळाडूंमध्ये आजही आहे. या बंदुकीमुळे गेम फार सोपा होतो असं म्हणणारे आहेत. मला वाटतं, निखिलला गेम सगळ्यात बरोबर समजला होता, फक्त तो त्याला फसवणूक म्हणत होता.

चौथा महेश. त्याचे वडील पोलिसांत हवालदार, सातारा जिल्ह्यात, निवृत्तीला आलेले. एकदा दोन दिवस आमच्याकडे राहायला आले होते. संध्याकाळी खुर्ची टाकून आमच्या मागे बसले आणि बघत राहिले. समीरनं आयतं गिऱ्हाईक पकडलं.

“बघा काका, हातात बंदूक असलेल्याला मारला तरी गुण कापतात.”

“मग कापनारच की. त्यानं रोखली हुती का तुमच्यावर?”

“अहो, पण रोखेपर्यंत थांबायचं?”

काकांनी जरा विचार केला. “थांबायचं बी न्हाई आन् मारायचं बी न्हाई. त्यालाच तर नोकरी म्हनत्यात.”

मग त्यांनी विचारलं की हा गेम झाडलेल्या राउंडचा हिशेब मागतो का. नाही म्हटल्यावर ते हसले. एक राउंड गेला तरी कुठं गेला, का गेला, कोणाच्या हुकमानं गेला, ते लिहून द्यावं लागतं. पुंगळी सापडली नाही तर गवतात ती हुडकत बसावं लागतं. तिसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी चांदमारी सोडून एकदाही गोळी झाडली नव्हती. हे त्यांनी अभिमानानं सांगितलं नाही आणि खंतावूनही नाही. बदली किती वेळा झाली हे सांगावं तसं सांगितलं. समीर गप्प बसला आणि आम्ही पुन्हा पहिल्या दारापाशी आलो.

गेमचा वंशवृक्ष बघितला तर मात्र काकांसारखा माणूस त्यात सहज बसत नाही. ही मालिका ‘पोलीस क्वेस्ट’मधून निघाली. तिचा पहिला गेम १९८७चा, जिम वॉल्स या निवृत्त हायवे पोलिसानं रचलेला. १९९३च्या चौथ्या गेमवर मोठ्या अक्षरांत नाव आलं डॅरिल गेट्स यांचं. गेट्स १९७८ ते १९९२ लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख. स्वॉट नावाचं पथक तिथे उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्याच कारकिर्दीत, ३ मार्च १९९१ रोजी, रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यात मारहाण केली आणि कोणीतरी ती व्हिडिओवर टिपली. २९ एप्रिल १९९२ला ज्युरीनं त्या पोलिसांना सोडलं आणि शहर पेटलं. ५०हून जास्त माणसं मेली. गेट्स यांना पद सोडावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं नाव गेमच्या खोक्यावर आलं. पुढे १९९५मध्ये या मालिकेला ‘स्वॉट’ हे नाव मिळालं आणि त्याच ओळीत २००५चा चौथा गेम आहे.

त्यामुळे हा सरळसरळ पोलिसांचा प्रचार आहे, असं म्हणणारे खेळाडू भेटतात. त्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे: इथले पोलीस कधी चुकीच्या घरात शिरत नाहीत आणि ओलिसांनाही बांधतात तेव्हा कोणी हूं की चूं केलेलं चालत नाही. पण गेट्स यांच्या नावानं वाढलेल्या मालिकेनं शेवटी असा गेम दिला, ज्यात बळ वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी कारण द्यावं लागतं. हे कोणी ठरवून केलं की आपोआप झालं, त्यानं मला फरक पडत नाही.

मराठी माणसाला हा गेम खेळताना मुंबई आठवणं अटळ आहे. सरकारी भाषेत चकमक आणि बोलीत एन्काउंटर. नव्वदच्या दशकात टोळ्यांची दहशत खरी होती, खंडणीचे फोन खरे होते, आणि एखादा गुंड मेल्याची बातमी वाचून सुटकेचा निःश्वास टाकणारी घरंही खरी होती. आमच्या फ्लॅटमध्येही हाच युक्तिवाद व्हायचा: कोर्टात वीस वर्षं लागतात, त्यापेक्षा हे बरं. २००४मध्ये ‘अब तक छप्पन’ आला, एका एन्काउंटरवाल्या अधिकाऱ्यावरचा. सिनेमाचं नाव म्हणजे एक आकडा आहे, आणि तो वाढतोय. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या या गेममध्ये तो आकडा वाढला की गुण उतरतात. आम्ही दोन्ही पाहिलं, दोन्ही आवडीनं, आणि दोन्हींत काही विरोध आहे असं तेव्हा कोणी म्हटलं नाही.

त्याच काळातल्या मुंबईतल्या चकमकींचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं होतं. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ला लागला आणि न्यायालयानं १६ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकानं करायचा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. अधिकाऱ्यानं आपलं शस्त्र तपासणीसाठी जमा करायचं. आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. ही यादी वाचताना मला गेमची गुणपत्रिका आठवली, आणि काकांची गवतातली पुंगळीही.

गेम कुठे कमी पडतो, तेही मला ही यादी वाचतानाच कळलं. गेममध्ये परीक्षक सगळं बघत असतो. समोरच्याच्या पिस्तुलाची नळी कुठल्या दिशेला होती, तुम्ही ओरडलात की नाही, हे सगळं कॉम्प्युटरला माहीत असतं, कारण ती खोली त्यानंच बनवलेली असते. तुम्ही गुणपत्रिकेवर कितीही चिडलात तरी ती खोटी आहे असं म्हणू शकत नाही. खऱ्या खोलीत असा परीक्षक नसतो. आत जे होते त्यांतले काही मेलेले असतात, उरलेले एकाच पथकातले असतात. न्यायालयाची १६ कलमं म्हणजे तो परीक्षक नंतर, बाहेरून, कागदांवर उभा करायची धडपड आहे. गेममध्ये जे फुकट मिळतं त्यासाठी इथे कोणाच्या तरी आईला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मूळ गेम बराच काळ बाजारात मिळत नव्हता. २०१७ला तो गॉगवर पुन्हा विकायला आला. चाहत्यांनी ‘एलिट फोर्स’ नावाचा मॉड करून त्यात नव्या गोष्टी घातल्या. ‘रेडी ऑर नॉट’ हा त्याचा वारस मानला जाणारा गेम २०२३च्या डिसेंबरात पूर्ण स्वरूपात आला. त्याची चित्रं जुन्यापेक्षा कितीतरी खरी. तिथेही नियम आहेत, गुण कापले जातात, आणि तीच तक्रार आहे. जुने खेळाडू मात्र ‘स्वॉट ४’मधल्या त्या थबकण्याबद्दल बोलतात. ओरडल्यावर समोरचा एक क्षण काहीच करत नाही. बंदूक त्याच्या हातात, तुमची त्याच्यावर, आणि पुढचं कोणालाच माहीत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ठोकळेबाज चेहऱ्यावर तो क्षण जितका लांबतो तितका मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये लांबल्याचं आठवत नाही.

समीर आता बंगळुरूला असतो आणि ‘रेडी ऑर नॉट’ खेळतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा पंधरा मिनिटं तो गुण कसे चुकीचे कापले यावर बोलत होता. मी म्हटलं, गुण कापणं बंद करणारा एखादा मॉड शोध की.

“छे,” तो म्हणाला, “मग खेळायचं कशाला?”