बांधावरचा सिनेमा

मातीच्या बांधावर सिनेमाही चालला, हे ठाऊक आहे का? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पेनसॉकन गावी रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी जगातले पहिले ड्राइव्ह-इन उघडले. मोटारीची पुढची चाके उंच राहतील असे मातीचे चढ रांगेने केले. मागच्यांनाही पडदा दिसे. मोटारीला २५ सेंट, माणशी २५. लेकरू रडले तरी शेजाऱ्याची तक्रार नाही! ते तीनच वर्षे चालले. पण १९५८ च्या सुमारास देशात चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. जागा मात्र कित्येक एकर, कमाई रात्रीपुरती. घरोघरी टीव्ही आला, जमिनीचे भाव चढले, बहुतेक विकली गेली. तुमच्या गावचे जत्रेचे मैदानही असेच मोलाचे. विकण्याआधी चारदा विचार करा.