बान्योलीचा समुद्र कोणाचा?

इटली म्हटले की राजवाडे, चर्च आणि पुतळे डोळ्यांसमोर येतात. आम्ही मात्र नेपल्सला उतरल्यावर एका कामगार वस्तीची वाट धरली. मेट्रोने पश्चिमेकडे गेले की बान्योली लागते. शहराच्या टोकाला, समुद्राला अगदी लागून असलेली ही वस्ती. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर कॉफीचे दुकान, बाकावर गप्पा मारणारी म्हातारी माणसे. आम्हाला परके वाटलेच नाही.

येथे १९१० साली पोलादाचा कारखाना सुरू झाला. त्यावर हजारो घरांच्या चुली पेटत. जवळच ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना होता. त्या धुळीने कित्येक कामगारांचा जीव घेतला. पुढे समुद्रात भराव टाकून कारखान्याची जागा वाढवली गेली आणि वस्तीचा किनारा तिच्याखाली गेला. १९९२ साली पोलादाचे काम कायमचे थांबले. काही यंत्रे चीनला विकली गेली. नोकऱ्या गेल्या; माती आणि समुद्राच्या तळातले विष मात्र येथेच राहिले. ते काढण्यासाठी कायदे झाले, २००२ साली एक कंपनीही स्थापन झाली. २०१४ साली तिचे दिवाळे निघाले.

मालाच्या बोटींसाठी बांधलेला सुमारे ९०० मीटरचा धक्का पुढे फिरायला खुला झाला. संध्याकाळी आम्ही त्यावरून चालत गेलो. डावीकडे निसिदा बेट दिसते. तेथे अल्पवयीन मुलांचा तुरुंग आहे. मागे वळले की कारखान्याची जुनी धुराडी दिसतात. धक्क्यावर एक आजोबा नातवाचा हात धरून उभे होते. आम्हाला त्यांची भाषा येईना, त्यांना आमची. त्यांनी धुराड्याकडे बोट दाखवले आणि मग तोच हात आपल्या छातीवर ठेवला. आम्ही काय ते समजलो.

२०२५ साली जाहीर झाले की, अमेरिका कप ही श्रीमंतांच्या शिडाच्या नौकांची शर्यत २०२७ साली नेपल्सला होणार आणि नौकांचा तळ बान्योलीच्या याच भरावावर पडणार. मग कामाला वेग आला. पाहुण्यांसाठी जे जमते, ते तेथेच राहणाऱ्यांसाठी तीस वर्षांत का जमले नाही?

शर्यत संपेल, नौका निघून जातील. ज्यांच्या आजोबांनी येथे पोलाद ओतले, त्या नातवंडांना या पाण्यात निर्धास्त उतरता आले, तरच बान्योलीला न्याय मिळाला असे आम्ही म्हणू.